'तोदोस', 'तोदास' आणि 'तोदेस' : स्पॅनिशमध्ये चाललेला वाद

रेवाकाठ

नमस्कार मंडळी. मी पुण्यात स्पॅनिश शिकवते, त्याआधी काही वर्षं बुएनोस आयरेसला राहत होते. परवा इथल्याच एका धाग्यावर "स्पॅनिशवाल्यांनी आता तिसरं लिंग काढलंय, भाषेची पार वाट लावली" अशा अर्थाचे बरेच प्रतिसाद आले. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

स्पॅनिश न येणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. लॅटिनमध्ये आपल्यासारखी तीन लिंगं होती. स्पॅनिशपर्यंत येताना नपुंसकलिंगी नामं बहुतेक करून पुल्लिंगात मिसळून गेली. 'हे', 'ते' अशा अर्थाची मोजकी सर्वनामं उरली, पण ती गोष्टींसाठी आणि कल्पनांसाठी, माणसांसाठी नाहीत. त्यामुळे माणसाबद्दल बोलताना शब्दाच्या शेवटी बहुतेकदा 'ओ' म्हणजे पुरुष आणि 'आ' म्हणजे बाई. नाम, विशेषण, आधीचं उपपद, सगळं त्याप्रमाणे बदलतं. मिश्र गट असेल तर पुल्लिंगी अनेकवचन. वर्गभर मुली आणि कोपऱ्यात एक मुलगा असला, तरी व्याकरण म्हणतं 'तोदोस', म्हणजे सगळे.

याला पहिला आक्षेप घेतला तो स्त्रियांच्या चळवळीने. हुकूमशहा फ्रँकोची राजवट संपल्यावर स्पेनमध्ये 'तोदोस इ तोदास', म्हणजे सगळे आणि सगळ्या, असं दोन्ही म्हणण्याचा आग्रह वाढत गेला. लिहिताना ते लांबतं म्हणून काहींनी शेवटच्या अक्षराच्या जागी ॲटचं चिन्ह (@) लिहायला सुरुवात केली, कारण त्यात 'ओ' आणि 'आ' दोन्ही दिसतात. पुढे त्या जागी एक्स आला. ही दोन्ही रूपं कागदावर चालतात, पण तोंडाने म्हणता येत नाहीत. मग आला 'ए' : 'तोदेस', 'अमिगेस' (मित्रमैत्रिणी), आणि 'तो' (एल), 'ती' (एया) यांच्या शेजारी 'एये'.

हा 'ए' अगदी कालचा नाही. आल्वारो गार्सिया मेसेगेर या स्पॅनिश इंजिनिअरने १९७६ सालीच तो सुचवला होता. त्याला हवी होती ती स्त्री-पुरुष दोघांना मिळून वापरता येईल अशी खूण. पुढे त्याचं मत बदललं आणि दोष भाषेच्या रचनेत नसून बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांच्या मनात आहे असं त्याने मांडलं. पण 'ए' मागे राहिला आणि नंतर तो उचलला वेगळ्याच लोकांनी. जे स्वतःला पुरुषही म्हणवत नाहीत आणि बाईही, त्यांना स्वतःबद्दल बोलायला भाषेत जागाच नव्हती.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही दोन भांडणं वेगळी आहेत. बायका शब्दात दिसाव्यात, हे एक. त्याला स्पॅनिशकडे स्वतःची भरपूर साधनं आहेत : दोन्ही रूपं म्हणा, नाहीतर 'विद्यार्थी'ऐवजी 'विद्यार्थिवर्ग' म्हणावं तसं 'आलुम्नादो' म्हणा, 'नागरिक' ऐवजी 'सिउदादानिया' म्हणजे नागरिकसमूह म्हणा. दुसरं भांडण एका माणसाचं स्वतःच्या नावासारखं आहे. तिथे आलुम्नादो कामाचं नाही. "मी दमलो" की "मी दमले" हा प्रश्न समोर उभा राहतो आणि दोन्ही उत्तरं त्या माणसासाठी खोटी असतात. तिथे 'ए'ला पर्याय नाही, म्हणून तिथे मी तो बिनतक्रार वापरते. अख्ख्या भाषेचं प्रत्येक अनेकवचन 'ए'कारान्त करावं असं मात्र मला वाटत नाही.

अर्जेंटिनात २०१८ साली गर्भपाताच्या कायद्यावर चर्चा चालू होती, शाळकरी मुलं शाळा ताब्यात घेऊन बसली होती. एका विद्यार्थिनीने टीव्हीच्या मुलाखतीत कुंपणावर बसलेल्या खासदारांना 'लेस दिपुतादेस' म्हटलं आणि ती चित्रफीत देशभर फिरली. त्यानंतर हा विषय प्रत्येक घरात पोचला. बाजारात, बसमध्ये, जेवणाच्या टेबलावर लोक यावर तावातावाने बोलत असत. सोळा-सतरा वर्षांची मुलं घरात सहज 'चिकेस' (पोरं) म्हणत आणि आजोबा चमचा खाली ठेवत.

मतं ऐकायला आवडतील.

---

अनुस्वार

चांगला धागा. मी भाषाशास्त्राचा विद्यार्थी, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

व्याकरणातलं पुल्लिंग आणि पुरुष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पॅनिशमध्ये टेबल स्त्रीलिंगी आहे म्हणून कोणी टेबलाला बाई समजत नाही. 'पेर्सोना' म्हणजे व्यक्ती, हा शब्द कायम स्त्रीलिंगी, भले तो मिशीवाल्या माणसाबद्दल असो. मराठीत 'व्यक्ती'चं तेच आहे. 'बिक्तिमा' म्हणजे बळी, तोही कायम स्त्रीलिंगी. मिश्र गटाचं पुल्लिंग हे 'काही न सांगणारं' रूप आहे, ते पुरुषत्व दाखवत नाही. व्याकरणकार इग्नासिओ बोस्के यांनी २०१२ साली रेआल अकादेमियासाठी (स्पॅनिशचा कोश आणि व्याकरण काढणारी स्पेनची संस्था) लिहिलेल्या अहवालात हेच सविस्तर मांडलं. स्पेनमधल्या संस्थांनी काढलेल्या नऊ मार्गदर्शिका त्यांनी तपासल्या आणि दाखवलं की त्यांतले नियम अक्षरशः पाळले तर माणसाला बोलताच येणार नाही.

व्हेनेझुएलाची १९९९ ची राज्यघटना वाचून पाहा. ४१ व्या कलमात राष्ट्राध्यक्ष किंवा राष्ट्राध्यक्षा, उपराष्ट्राध्यक्ष किंवा उपराष्ट्राध्यक्षा अशी रांग सुरू होते ती संपता संपत नाही. त्याने व्हेनेझुएलातल्या बाईच्या आयुष्यात काय बदललं?

बोस्के बायकांविरुद्ध आहेत असं कृपया कोणी समजू नये. समाजात भेदभाव आहे, काही बोलणं भेदभावाचं असतं, हे अहवालात स्पष्ट म्हटलंय. आक्षेप फक्त व्याकरणाला आरोपी करण्यावर आहे.

---

सातपुडा

वाचतोय. स्वीडनमध्ये 'हेन' हे लिंग न दाखवणारं नवं सर्वनाम आलं आणि २०१५ मध्ये तिथल्या अकादमीच्या शब्दसूचीतही गेलं. तिथे इतका गदारोळ झाला नाही. मग स्पॅनिशमध्येच का?

---

अनुस्वार

सातपुडा, स्वीडिशमध्ये विशेषण माणसाच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही. एक सर्वनाम बदललं की काम झालं. स्पॅनिशमध्ये "दमलेली मुलं" म्हणायचं तर उपपद, नाम, विशेषण तिन्ही हलवावं लागतं : 'लेस निन्येस कान्सादेस'. एका विटेऐवजी भिंत हलवण्यासारखं आहे ते.

---

रेवाकाठ

अनुस्वार, बोस्के यांचा अहवाल मीही विद्यार्थ्यांना वाचायला देते. व्याकरणाचं वर्णन म्हणून तो उत्तम आहे. पण "पुल्लिंगात बायका आपोआप येतात" हे वाक्य इतिहासात कधी खरं ठरलं आणि कधी नाही, ते पाहू या.

चिले, १८७५. निवडणूक कायद्यात मतदार म्हणजे 'चिलेनोस' (चिलेचे लोक, पुल्लिंगी रूप), वयाने मोठे, लिहिता-वाचता येणारे. सान फेलिपे गावातल्या काही बायका म्हणाल्या, आम्हीही 'चिलेनोस' आहोत, आणि त्यांनी मतदार म्हणून नाव नोंदवलं. कायद्याच्या अक्षराप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. मग काय झालं? १८८४ च्या कायद्यात बायकांना मत नाही असं स्पष्ट लिहून टाकलं.

बुएनोस आयरेस, १९११. हुलिएता लान्तेरी या डॉक्टर. त्यांनी कोर्टात जाऊन नागरिकत्व मिळवलं आणि नगरपालिकेच्या निवडणुकीत मत दिलं, कारण नियमांत बाईला मनाई नव्हती. त्यानंतर मतदार यादी लष्करी नोंदणीला जोडली गेली. लष्करी नोंदणी पुरुषांचीच असायची. अर्जेंटिनातल्या बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला तो १९४७ साली.

एक्वादोरमध्ये उलट घडलं. मातिल्दे इदाल्गो या डॉक्टर बाईंनी १९२४ मध्ये असाच अर्ज केला. घटनेत लिंगाची अट नाही म्हणून राज्य परिषदेने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि त्यांनी मत दिलं.

एकच पुल्लिंगी अनेकवचन, पण त्यात बाई आहे की नाही हे प्रत्येक वेळी सत्तेवर बसलेल्याने ठरवलं. कर भरायचा, शिक्षा भोगायची, तेव्हा ती आत. मताची पेटी आली की बाहेर. या बायकांनी व्याकरणावर पूर्ण विश्वास ठेवला होता. म्हणून "व्याकरणात तुम्ही आहातच की" हे वाक्य ऐकलं की मला सान फेलिपेच्या त्या बायका आठवतात आणि राग येतो.

व्हेनेझुएलाबद्दल : घटनेतल्या शब्दाने पगार वाढत नाही, मान्य. पण चिलेच्या कायद्यात 'चिलेनोस इ चिलेनास' असतं तर १८८४ साली तो बदलताना निदान उघडपणे 'चिलेनास' खोडावं लागलं असतं.

---

शब्दवेल्हाळ

दोन्ही रूपं म्हणणं हे आधुनिक फॅड आहे असं समजणाऱ्यांसाठी : स्पॅनिशच्या आद्य काव्यांत गणलं जाणारं एल सिदचं महाकाव्य, त्याच्या सुरुवातीलाच हा वीर सिद बुर्गोस शहरात शिरतो तेव्हा त्याला पाहायला 'मुहिएरेस ए बारोनेस', म्हणजे बाया आणि पुरुष, बाहेर येतात, आणि 'बुर्गेसेस ए बुर्गेसास', नगरातले आणि नगरातल्या, खिडक्यांशी उभे असतात. हस्तलिखितावर १२०७ ची नोंद आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या कवीला ते लांबण वाटलं नाही.

---

अनुस्वार

शब्दवेल्हाळ, सुंदर संदर्भ. पण तिथे कवीला चित्र उभं करायचंय, गर्दीत कोण कोण आहे ते दाखवायचंय. प्रत्येक वाक्यात तसं करणं हा नियम झाला की चित्र मरतं.

रेवाकाठ, चिले आणि लान्तेरी यांची माहिती मला नव्हती. मुद्दा ताकदीचा आहे. तरी मी म्हणेन, तो कायदा करणाऱ्यांचा खोटेपणा होता.

---

दगडफूल

माझा भाऊ दृष्टिहीन आहे आणि तो स्पॅनिशमधून भाषांतराची कामं करतो. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर एक्स आणि ॲटच्या चिन्हावर अडखळतं. वाक्याचा पार चुरा होतो. समावेशक भाषा म्हणून जे लिहिलं जातं, त्यातून माझा भाऊच बाहेर पडतो. चळवळीतल्या मंडळींना हे मी अनेकदा कळवलं आहे.

शिवाय लहान मुलांचा विचार करा. २०२२ च्या जूनमध्ये बुएनोस आयरेस शहराच्या शिक्षण खात्याने शिक्षकांना वर्गात आणि पालकांना पाठवायच्या पत्रांत 'ए', एक्स आणि ॲट वापरायला मनाई केली. करोनानंतर मुलांचं वाचन मागे पडलं होतं, हे कारण दिलं. मला ते कारण पटतं. जे मूल अक्षरं जुळवतंय त्याच्यासमोर न उच्चारता येणारे शब्द कशाला?

---

रेवाकाठ

दगडफूल, एक्स आणि ॲटबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. मी ती चिन्हं वापरत नाही, विद्यार्थ्यांनाही सांगत नाही. 'ए'ला मात्र हा आक्षेप लागू होत नाही. तो बोलता येतो, ऐकता येतो, सॉफ्टवेअर नीट वाचतं. स्पॅनिशमध्ये 'एस्तुदिआन्ते' (विद्यार्थी), 'इन्तेलिहेन्ते' (हुशार), 'ग्रान्दे' (मोठा) असे शेकडो 'ए'कारान्त शब्द आधीपासून दोन्ही लिंगांना चालतात. कानाला तो परका नाही.

मनाईबद्दल : मुलं वाचनात मागे पडली ती शाळा बंद होत्या म्हणून. 'तोदेस' म्हटल्यामुळे पडली असं कोणी दाखवलेलं नाही.

आणि ही मनाई कुठे जाऊन थांबते तेही बघा. २०२४ च्या फेब्रुवारीत अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष मिलेई यांच्या सरकारच्या प्रवक्त्याने जाहीर केलं की केंद्रीय प्रशासनात 'ए', ॲट आणि एक्स बंद. त्याच दमात पुढे सांगितलं की कागदपत्रांत स्त्रीलिंगाचा 'अनावश्यक' समावेशही टाळायचा. म्हणजे बंदी 'तोदेस'वर सुरू झाली आणि 'तोदास'वर पोचली. ज्या बायका "आम्हाला त्या 'ए'शी काही देणंघेणं नाही" असं म्हणत होत्या, त्यांचंही रूप त्याच आदेशात कापलं गेलं.

---

खाडीपलीकडे

मी कॅलिफोर्नियात असते. इथला अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहिते.

इथे विद्यापीठं आणि कंपन्या लॅटिन वंशाच्या लोकांसाठी 'लातिनो', 'लातिना' ऐवजी 'लातिनेक्स' लिहितात. आमच्या शेजारी मेक्सिकोतून आलेलं कुटुंब आहे, त्यांच्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नाही. प्यू संशोधन केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत अमेरिकेतल्या लॅटिन वंशाच्या प्रौढांपैकी २३ टक्क्यांनी हा शब्द ऐकला होता आणि ३ टक्के तो स्वतःसाठी वापरत होते. २०२३ च्या पाहणीत ऐकलेले ४७ टक्के झाले, वापरणारे ४ टक्के. म्हणजे माहीत झाला, पण आपलासा झाला नाही. लुलॅक या त्यांच्या जुन्या नागरी हक्क संघटनेनेही २०२१ च्या अखेरीस तो सोडला.

आता आर्कान्सॉच्या गव्हर्नर सारा हकबी सँडर्स यांनी २०२३ मध्ये पदावर येताच सरकारी कागदांत 'लातिनेक्स'ला बंदी घातली. म्हणजे एका बाजूने न विचारता शब्द दिला, दुसऱ्या बाजूने न विचारता काढून घेतला. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना कोणीच विचारलं नाही. तरुण मुलं हल्ली 'लातिने' म्हणताना ऐकते. ते निदान स्पॅनिश तोंडात बसतं.

---

मांडवीतीर

नमस्कार, गोव्यातून लिहितो. रेवाताईंनी लिहिलं की स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगाची काही सर्वनामं उरली आहेत. मग ती का नाही वापरत? नवीन 'एये' घडवण्यापेक्षा जुनं 'एयो' होतंच की.

हे विचारण्याचं कारण : आमच्या कोंकणीत लहान मुलगी, लग्नाआधीची तरुण मुलगी यांना नपुंसकलिंग लागतं. 'चेडूं आयलें', 'तें गेलें'. त्यात अपमान नसतो, उलट माया असते. बाई मोठी झाली की 'ती आयली'. मालवणीतही 'चेडू इला'. म्हणजे माणसासाठी नपुंसकलिंग वापरणाऱ्या भाषा आहेत.

---

रेवाकाठ

मांडवीतीर, फार चांगला प्रश्न. 'एयो' हे कल्पनेसाठी, घडलेल्या गोष्टीसाठी वापरतात. "ते सगळं मला माहीत आहे" यातलं 'ते'. माणसाला 'एयो' म्हटलं तर त्याला वस्तू केल्यासारखं होतं. ज्यांना आधीच लोक माणसात धरत नाहीत, त्यांना ते कसं चालेल? म्हणून त्यांनी मुद्दाम नवा शब्द घडवला.

कोंकणीचं उदाहरण मायेचं आहे खरं, पण त्यात लहानपणही आहे ना? ती मोठी, मानाची झाली की 'ती' होते. मराठीतही 'पोर आलं', 'लेकरू झोपलं' हे जीव लावून म्हणतो, पण कलेक्टर बाईंना म्हणत नाही. आपल्याकडच्या तृतीयपंथी माणसांना 'ते आलं' म्हणून हिणवलेलं सगळ्यांनी ऐकलं असेल. व्याकरणात तिसरं लिंग असणं आणि तिथे मानाने बसता येणं यात खूप अंतर आहे.

अनेकवचनात मात्र मराठी उजवी. "घरातली सगळी जत्रेला गेली", "नवरा-बायको दोघं आली", "पोरंसोरं जेवली" : इथे मिश्र गटाला नपुंसकलिंग सहज येतं आणि कोणाचा कमीपणा होत नाही. स्पॅनिशमध्ये असं दारच उरलं नाही. आपलं अजून उघडं आहे, पण शहरी बोलण्यात 'सगळे गेले'च जास्त ऐकू येतं. ते जपावं असं मला फार वाटतं.

---

ओवी

पदांच्या नावांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

'प्रेसिदेन्ते' की 'प्रेसिदेन्ता' हा वाद. विरोध करणारे म्हणतात, 'एन्ते' प्रत्यय दोन्ही लिंगांना चालतो, त्याला 'आ' लावणं अशुद्ध. पण 'सिर्बिएन्ता' म्हणजे मोलकरीण, 'देपेन्दिएन्ता' म्हणजे दुकानातली विक्रेती, हे शब्द कधीपासून रुळले आहेत, तेव्हा कोणाला प्रत्यय आठवला नाही. बाई खुर्चीवर बसली की व्याकरण आठवतं. आणि 'प्रेसिदेन्ता' हा शब्द अकादेमियाच्या कोशात १८०३ पासून आहे! क्लाउदिया शेनबॉम यांनी १ ऑक्टोबर २०२४ ला मेक्सिकोचं अध्यक्षपद स्वीकारताना भाषणातच विनंती केली की मला 'आ' लावून प्रेसिदेन्ता म्हणा, जसं वकील, शास्त्रज्ञ, सैनिक, डॉक्टर, इंजिनिअर यांनाही 'आ' लावून म्हणावं.

आणि एक गंमत वाटावी अशी पण खरी गोष्ट. 'मोदिस्ता' म्हणजे कपडे शिवणारी. हा शब्द नियमाने दोन्ही लिंगांना चालतो. पण नामांकित पुरुष शिंप्यांना तो बायकी वाटला आणि 'मोदिस्तो' तयार झाला. अकादेमियाने तो कोशात घेतलाही. पुरुषांना आपलं वेगळं रूप हवं झालं तेव्हा नियम वाकला.

'ला हेनेराला' म्हणजे पूर्वी जनरलची बायको. अगदी आपल्या पाटलीणबाई, डॉक्टरीणबाईंसारखं. प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या तेव्हा आपल्याकडेही त्या शब्दावर किती चर्चा झाली होती. शेवटी शब्द तोच राहिला.

---

दगडफूल

ओवी, मोदिस्तोचं उदाहरण पटलं. स्त्रीलिंगी पदनामांना माझा विरोध नव्हताच. वरून लादण्याला आहे. २००८ मध्ये स्पेनच्या समानता मंत्री बिबियाना आयदो यांनी संसदेत 'मिएम्ब्रोस इ मिएम्ब्रास' (सदस्य आणि सदस्या) म्हटलं, २०१८ मध्ये नेत्या इरेने मोन्तेरो यांनी 'पोर्ताबोसास' (प्रवक्त्या). लोकांना ते कृत्रिम वाटलं आणि मूळ मुद्दा बाजूला पडून आठवडाभर त्या एका शब्दावर चर्चा झाली.

---

अनुस्वार

लादण्यावरून : अकादेमियालाही लोक हेच म्हणतात. १७१३ ची संस्था, आणि तिची पहिली पूर्ण सभासद बाई कार्मेन कोन्दे, निवड १९७८ मध्ये. एकटीच्या हिमतीवर अख्खा कोश रचणाऱ्या मारिया मोलिनेर यांना १९७२ मध्ये जागा नाकारली होती. माझा व्याकरणाचा मुद्दा कायम आहे, पण निकाल देणाऱ्या खुर्च्यांवर कोण होतं हेही सांगायला हवं.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये अकादेमियाने संकेतस्थळावरच्या निरीक्षण-यादीत 'एये' टाकला. तिथे असणं म्हणजे मान्यता नव्हे, "हा शब्द वापरात दिसतो" एवढीच नोंद. तरी इतका गदारोळ झाला की काही दिवसांत काढला. भाषाशास्त्राचा माणूस म्हणून मला ते आवडलं नाही. जो शब्द लोक बोलतात त्याची नोंद करणं हेच तर आपलं काम.

आणि रेवाकाठ, तुमच्या बाजूने एक पुरावा मीच देतो. २००८ मध्ये फ्रेंच आणि जर्मन वाचकांवर झालेल्या एका प्रयोगात व्यवसायाचं पुल्लिंगी अनेकवचन वाचल्यावर लोकांच्या मनात पुरुषच उभे राहिले, अगदी बायकांचे समजले जाणारे व्यवसाय असतानाही. इंग्रजी वाचकांचं तसं झालं नाही. फ्रेंच स्पॅनिशची सख्खी बहीण, तेव्हा हे सहज झटकून टाकता येणार नाही.

---

रेवाकाठ

अनुस्वार, मनापासून आभार.

आपण बराच वेळ बायकांच्या भांडणावरच बोलतोय, म्हणून दुसऱ्याबद्दल. मेक्सिकोत आग्वासकालिएन्तेस राज्याच्या निवडणूक न्यायाधिकरणात ओसिएल बाएना हे नाव होतं. स्त्री-पुरुष चौकटीबाहेरची ओळख उघडपणे सांगणारी, न्यायाधीशपदावर पोचलेली मेक्सिकोतली पहिली व्यक्ती. 'माखिस्त्रादो' (पुरुष न्यायाधीश) नाही, 'माखिस्त्रादा' (स्त्री न्यायाधीश) नाही, 'माखिस्त्रादे' असं पदनाम लावण्याचा आग्रह. २०२३ मध्ये तशी नोंद असलेला पासपोर्टही मिळाला. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला घरात मृतदेह सापडला, जोडीदाराचाही. देशभर लोक रस्त्यावर आले. बातम्यांत काही ठिकाणी 'एल माखिस्त्रादो' लिहिलं होतं. मेलेल्या माणसालाही जे नाव त्याने हयातभर मागितलं ते द्यायला हात धजत नव्हता. ज्यांना 'ए' म्हणजे चाळा वाटतो त्यांनी या एका आयुष्याकडे बघावं.

अर्जेंटिनाने २०२१ मध्ये ओळखपत्रावर स्त्री-पुरुषाऐवजी एक्स नोंदवायची सोय केली. कार्डावर एक्स आणि बोलताना 'ओ' किंवा 'आ', हे कसं चालेल?

---

नवखी

मी स्पॅनिश शिकतेय, देले ही स्पॅनिशच्या प्रमाणपत्राची परीक्षा देणार आहे. उत्तरात 'तोदेस' लिहिलं तर गुण जातील का? आणि पत्राची सुरुवात कशी करू?

---

रेवाकाठ

नवखी, परीक्षेत प्रमाण स्पॅनिश लिही, 'ए' टाळ. 'एस्तिमादोस इ एस्तिमादास' (पत्राचा मायना, दोन्ही रूपांत) अशी सुरुवात अगदी बिनधोक. पुढे प्रत्येक ओळीत दोन्ही रूपं नको, कंटाळवाणं होतं. 'एल प्रोफेसोरादो' (शिक्षकवर्ग), 'ला खेन्ते' (लोक), 'लास पेर्सोनास के' (ज्या व्यक्ती) अशा वाटा शीक. त्याने तुझं स्पॅनिशही श्रीमंत होईल. परीक्षेबाहेर कोणी "मी एये" म्हणून ओळख करून दिली तर मात्र 'ए'नेच बोल.

---

सातपुडा

एक खरी अडचण. मी एका अर्जेंटिनी कथेचं मराठी करतोय. त्यातलं पात्र स्वतःबद्दल 'ए' वापरतं : 'एस्तोय कान्सादे'. मराठीत "मी दमलो", "मी दमले", दोन्ही चुकतं. "मी दमलं" लिहिलं तर लहान मूल बोलतंय असं वाटतं. इथे तर क्रियापदातच लिंग आहे! काय करू?

---

अनुस्वार

सातपुडा, मराठीत लिंग न दाखवणाऱ्या जागा वाटतात त्यापेक्षा पुष्कळ आहेत. "मला थकवा आलाय." "मी पत्र लिहिलं", "मी भाकरी खाल्ली" : इथे क्रियापद कर्माकडे बघतं, बोलणाऱ्याकडे नाही. "मी जाईन", "मी थांबणार", "मला वाटलं", यांतही काही कळत नाही. तिसऱ्या पुरुषात 'त्यांनी', 'त्यांना', 'त्यांचं' घे. "त्यांनी दार उघडलं" यात बाई की पुरुष ते दिसत नाही आणि मानही राखला जातो. अडेल ते फक्त 'ते आले / त्या आल्या' अशा ठिकाणी. तिथे नाव घेऊन वाक्य फिरव : "येताना त्यांनी छत्री आणली होती."

---

रेवाकाठ

अनुस्वारने सांगितलेली वाट चांगली आहे, मी तीच वापरते. पण सातपुडा, एक लक्षात घे. स्पॅनिश वाचकाला तो 'ए' दर ओळीत ऐकू येतो. ते पात्र लपत नाहीये, ते मोठ्याने सांगतंय. तू लिंग नुसतं झाकलंस तर मराठी वाचकाला कळणारच नाही की इथे काही मागितलं जातंय. म्हणून कथेत जिथे पहिल्यांदा कोणी त्या पात्राला 'एल' किंवा 'एया' म्हणतं आणि ते दुरुस्त करतं, ती जागा शोध. बहुतेक असेलच. तिथे 'एये' हा शब्द देवनागरीत तसाच ठेव, त्याच्या तोंडून. पुढे अनुस्वारची वाक्यं वापर, आणि दोनचार ठिकाणी 'एये' पुन्हा येऊ दे. पहिली दोन पानं झाली की मला व्यक्तिगत निरोप कर, मूळ स्पॅनिश शेजारी ठेवून बघते.